कॅमेरा डोक्यावर नको, गाडीवर हवा

सप्टेंबरमधला रविवार. पाऊस जरा उघडला की सकाळी साडेसातपासूनच साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या मोटरसायकलींची रांग लागते. कोणी कासच्या फुलांसाठी निघालेले असते, कोणी बामणोलीला. ठोसेघर आणि सज्जनगडच्या रस्त्यावरही तेच दृश्य असते. पूर्वी गळ्यात कॅमेरा अडकवलेला एखादाच दिसे. आता दर चार-पाच हेल्मेटांमागे एकावर काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, चौकोनी कॅमेरा दिसतो. कोणाच्या हनुवटीसमोर, कोणाच्या टाळूवर, तर कोणाच्या कानाच्या बाजूला. घाटातली वळणे, दरीतले ढग, सोबतच्या मित्रांच्या गाड्या असे सगळे त्यात टिपले जाते आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवरून सगळीकडे पोहोचते.

हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रवासाची आठवण कोणाला नको असते? अपघात झाला तर नेमके काय घडले, हेही असे चित्रण सांगू शकते. प्रश्न एवढाच आहे की हा कॅमेरा बसवायचा कुठे. बहुतेक जण चित्र कुठून छान येईल, एवढाच विचार करतात. पडल्यावर डोक्याचे काय होईल, हा विचार मात्र राहून जातो.

हेल्मेट नेमके काय करते?

1935 साली मे महिन्यात इंग्लंडमध्ये एक मोटरसायकलस्वार सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्धावस्थेत राहून 19 मे रोजी तो गेला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगाला माहीत असलेला तो टी. ई. लॉरेन्स. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचवणाऱ्या मोटरसायकलस्वार सैनिकांच्या डोक्याच्या जखमांचा त्यांनी अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने अशा सैनिकांना हेल्मेट सक्तीचे केले. त्यानंतर जगभर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी, तर डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो.

आपल्याकडची परिस्थिती काय आहे? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली 74,897 दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या 50,029 होती.

हेल्मेटचे काम दोन भागांत चालते. आतला थर्मोकोलसारखा थर दबतो. डोके ताशी 27 किलोमीटर वेगाने आपटले आणि हा थर तीन सेंटिमीटर दबला, तर डोक्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभर पट जोर येतो. ऐकायला तो भयंकर वाटतो, पण सहसा कवटी आणि मेंदू तो सोसतात. हाच वेग तीन मिलिमीटरमध्ये थांबला, तर जोर दहापट होतो. मग कवटी टिकत नाही.

दुसरे काम बाहेरच्या कवचाचे. ते गोल आणि गुळगुळीत असते, ते केवळ दिसायला छान म्हणून नाही. मोटरसायकलवरून पडणारा माणूस सरळ खाली आपटत नाही. तो रस्त्यावर तिरका आपटतो आणि घसरत जातो. गुळगुळीत कवच डांबरावरून घसरले की डोक्याला झटकन पीळ बसत नाही. कवचावर काही उंचवटा असेल आणि तो रस्त्यात, दगडात किंवा कठड्यात अडकला, तर धड पुढे जाते आणि डोके जागच्या जागी गर्रकन फिरते.

मेंदूला सर्वांत मोठा धोका या फिरण्याचा असतो. मेंदू खरवसासारखा मऊ असतो. कवटी अचानक फिरली की तो मागे राहतो आणि आतल्या आत पिळला जातो. मेंदूच्या एका भागातून दुसऱ्या भागात संदेश नेणारे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या नाजूक रक्तवाहिन्या फाटून रक्त साचू शकते. कवटीला साधी चीरही नाही, सुरुवातीचा सीटी स्कॅन जवळजवळ स्वच्छ, तरीही रुग्ण शुद्धीवर येत नाही, असे या प्रकारच्या इजेत घडते. म्हणूनच हेल्मेटच्या मानकांमध्ये धक्का शोषण्याच्या चाचणीबरोबरच बाहेर आलेल्या भागांची आणि पृष्ठभागाच्या घर्षणाचीही तपासणी असते.

दीडशे ग्रॅम, पण कुठे?

एका ॲक्शन कॅमेऱ्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. हातात घेतले तर काहीच नाही. पण शंभर पट जोराच्या धक्क्यात तेच पंधरा किलोंसारखे वागते. चिकट पट्टी सुटून कॅमेरा उडून गेला, तर फारसे बिघडत नाही. अनेक स्वार मात्र कॅमेरा पडू नये म्हणून पट्टी, क्लॅम्प आणि वरून घट्ट दोरी असा तिहेरी बंदोबस्त करतात. तो जितका पक्का, तितका पडताना अडकण्याचा धोका मोठा. शिवाय एका टणक कोपऱ्यावर सगळा मार एकवटला, तर आतला थर सगळीकडून सारखा दबत नाही.

वाऱ्याचाही हिशेब आहे. सात सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच कॅमेऱ्यावर ताशी 80 किलोमीटर वेगाला वारा साधारण सव्वाशे ग्रॅम वजनाइतका रेटा देतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पुणे-बंगळूरु महामार्गावर दोन तास मानेचे स्नायू हा जादा भार पेलत राहतात. कॅमेरा एका बाजूला असेल, तर मान एकाच बाजूला ओढली जाते. संध्याकाळी मान का आखडली, हे कोडे मग उलगडते.

फॉर्म्युला वनचा विजेता मायकेल शूमाखर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समध्ये बर्फावर घसरताना पडला, डोके खडकावर आपटले. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यातले चित्रण तपासात उपयोगी पडले. त्याच कॅमेऱ्यामुळे इजा वाढली का, यावरही बरीच चर्चा झाली, पण तसे सिद्ध झाले नाही. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे निष्कर्षही हेल्मेट, पट्टी आणि आपटण्याची जागा यांनुसार बदलतात. तरीही जे हेल्मेट आपण विकत घेतो, त्याची चाचणी कॅमेरा न लावता झालेली असते, ही गोष्ट बदलत नाही. केरळच्या मोटर वाहन विभागाने 2022 मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाईचा इशारा दिला, त्यामागेही हीच काळजी होती.

आणखी एक चूक सर्रास होते. क्लॅम्प बसवण्यासाठी हेल्मेटला भोक पाडले जाते, किंवा जुनी पट्टी काढण्यासाठी पेट्रोल, थिनर लावले जाते. भोकामुळे कवच कमकुवत होते आणि अशा द्रवांनी प्लॅस्टिकचे कवच ठिसूळ होऊ शकते. डोळ्यांना ते दिसत नाही. असे हेल्मेट बदललेलेच बरे.

दोन सेकंदांत बावीस मीटर

हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याचा दुसरा धोका लक्षाचा. तो सुरू आहे की नाही, हे स्वाराला दिसत नाही. मग एक हात हँडलवरून उठतो, बोटाने बटण चाचपले जाते, आवाज आला का याकडे कान लागतात. ताशी 40 किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी 22 मीटर जाते. यवतेश्वर किंवा पसरणीच्या घाटात एवढ्या अंतरात वळण येऊन जाते. समोरून एसटी आलेली असते, किंवा पावसाने धुऊन आणलेली खडी रस्त्यावर पसरलेली असते.

चित्रण चालू आहे, या जाणिवेनेच गाडी चालवण्याची पद्धत बदलते. जरा वेगात घेऊ, जरा जास्त झुकवू, असे वाटू लागते. त्यातच रुंद कोनाच्या भिंगातून डोक्याच्या उंचीवरून घेतलेला घाट पडद्यावर सपाट आणि संथ दिसतो. मग पुढच्या वेळी वेग आणखी वाढतो.

यावर विज्ञानाने दिलेला उपाय सोपा आहे. पडद्यावर वेग जाणवतो, तो जवळची जमीन किती झपाट्याने सरकते त्यावरून. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर असण्याऐवजी अर्ध्या मीटरवर असेल, तर त्याच वेगाला खालची जमीन तिप्पट झपाट्याने सरकताना दिसते. कॅमेरा खाली घेतला की ताशी 40 चा प्रवासही थरारक दिसतो. वेग वाढवायची गरजच राहत नाही.

गाडीवर कसा बसवावा?

छातीवरचा पट्टा हा एक पर्याय आहे. हेल्मेटपेक्षा तो बरा, पण पोटावर पडल्यास तोच टणक चौकोन छातीच्या हाडावर दाबला जातो. शरीरापासून दूर, गाडीवरच कॅमेरा असणे सर्वांत चांगले. लेगगार्डचा चेसिसला घट्ट जोडलेला भाग ही उत्तम जागा. हँडल लांब असते, टोकाकडे जास्त थरथरते. तिथे लावायचाच असेल, तर मध्यभागी, मीटर न झाकता आणि केबल न अडकवता लावावा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे.

थरथर हा गाडीवरच्या कॅमेऱ्याचा खरा शत्रू. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असेल, तर गाडीला सेकंदाला सुमारे 67 हादरे बसतात. कॅमेऱ्याचा सेन्सर एक चित्र वरून खाली, ओळीओळीने टिपतो. त्या अवधीत कॅमेरा हलला, तर सरळ खांबही जेलीसारखा लवलवताना दिसतो. यावर उपाय म्हणजे क्लॅम्पचा दांडा शक्य तितका आखूड ठेवणे, मध्ये जाड रबर घालणे, सगळे स्क्रू घट्ट करणे आणि कॅमेऱ्याला गाडीशी बांधलेली एक सुटी दोरी लावणे, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी कॅमेरा मागच्या गाडीवर उडणार नाही.

हँडलवर मोबाइल लावून चित्रण करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. मोबाइलमधले भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा अगदी नाजूक असते. मोटरसायकलच्या जोरदार थरथरीने ती बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच सप्टेंबर 2021 मध्ये दिला होता.

घाट उतरून, कऱ्हाड ओलांडून, पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळले की रस्त्याचा स्वभाव बदलतो. वळणे कमी, पण उसाचा गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात अगदी जवळ गेल्यावरच दिसते. अशा रस्त्यावर कॅमेऱ्याचा पुरावा म्हणून उपयोग आहे, पण रात्री त्याच्या मागच्या पडद्याचा उजेड डोळ्यांवर आला, तर अंधाराला सरावलेली नजर बिघडते. तो पडदा बंदच ठेवावा. उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या उन्हात उभ्या गाडीवर कॅमेरा तसाच सोडू नये. तापलेल्या धातूजवळ त्याची लिथियम बॅटरी खराब होते, प्रसंगी फुगते.

अपघात दिसला तर

कॅमेरा गाडीवर असला, तर हात मोकळे असतात. ते मदतीसाठी वापरावेत. 108 ला फोन करावा. जखमी माणूस श्वास घेत असेल, तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नये. मानेच्या मणक्याला इजा असेल, तर त्या ओढण्याने हातापायांतली ताकद कायमची जाऊ शकते. फक्त काच वर करावी आणि डोके-मान हलू न देता धरून ठेवावी. श्वास बंद असेल किंवा उलटीने घसा भरत असेल, तरच दोघांनी मिळून हेल्मेट काढावे. एकाने समोरून मान आणि जबडा आधाराला धरावा, दुसऱ्याने हेल्मेट सावकाश सरकवावे. अशा वेळी हेल्मेटवर चिकटवलेला कॅमेरा आणि त्याचे पट्टे अडचणच करतात. मदत करणाऱ्याला मोटर वाहन कायद्याच्या 134-अ कलमाचे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

निघण्यापूर्वी पाच मिनिटे पुरतात. गाडी उभी असताना क्लॅम्प हाताने जोरात हलवून पाहावा, दोरी बांधावी, चित्रण सुरू करावे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवावा आणि मग गाडीला किक मारावी. वाटेत कॅमेरा बंद पडला, तर तो तसाच राहू द्यावा. पाहायचे असल्यास रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी थांबूनच पाहावे. एखाद्या रविवारचे चित्रण हुकले, तरी कासचे पठार पुढच्या रविवारीही तिथेच असते.