वायफायच्या डब्याचं सेटिंग उघडेना? रिसेटआधी नंबर शोधा



संगणक ही गोष्ट आपल्या वारणा भागाला नवी नाही. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरातल्या ७० गावांत संगणक केंद्रे सुरू झाली आणि ऊसनोंद, तोडणी, वजन व बिलाची माहिती गावातच मिळू लागली. पुढे २००६-०७ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती मोबाइलच्या एसएमएसवर देण्याचा प्रयोग झाला. आज वायफाय घरात, सोसायटीत, दूध संस्थेत आले आहे.

त्याबरोबर एक अडचणही आली आहे. डबा चालू, दिवे लागलेले, वायफायही येते. पण त्याचे सेटिंगचे पान काही उघडत नाही. बसवून देणारा माणूस दुसरीकडे गेलेला असतो. वायफायचा पासवर्ड गावभर झाला तरी बदलता येत नाही. म्हणजे डबा आपल्या पैशाचा आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात! ती किल्ली परत आपल्या हाती कशी घ्यावी, ते येथे सांगतो.

पान हरवत नाही, नंबर बदलतो

प्रत्येक डब्याला जाळ्यातला एक नंबर असतो. त्याला आयपी नंबर म्हणतात. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकला की सेटिंगचे पान उघडते. डबा नवा असताना हा नंबर लेबलावर छापलेला असतो, उदा. १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. (टाकताना अंक इंग्रजीच टाकावेत.)

परंतु तोच डबा मुख्य राउटरला जोडून अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला, तर बहुतेक वेळा मुख्य राउटर त्याला आपल्याकडचा नवा नंबर देतो. लेबलावरचा जुना नंबर मग चालत नाही. जमीन एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तसेच हे. जमीन होती तिथेच आहे. जुन्या नंबरावर उतारा मागितला तर मिळणार कसा?

शोधायचे कसे?

१) आपला मोबाइल किंवा संगणक त्याच वायफायला जोडा. मोबाइलचा डेटा बंद ठेवा. नाहीतर फोन परस्पर डेटावर जातो आणि पान उघडत नाही.

२) फोनच्या वायफाय माहितीत 'गेटवे' असा नंबर दिसतो. तो मुख्य राउटरचा. तो टाकून राउटरचे पान उघडा आणि जोडलेल्या यंत्रांची यादी पाहा. आपल्या डब्याच्या लेबलावर 'मॅक' नंबर असतो. यादीत तो मॅक जिथे दिसेल, त्यापुढचा आयपी नंबर आपल्या डब्याचा.

३) यादीत सापडला नाही, तर डबा मुख्य राउटरपासून सोडवून लॅन केबलने थेट संगणकाला जोडा. काही डब्यांचा मूळ नंबर कायम असतो. टीपी-लिंकच्या अनेक अ‍ॅक्सेस पॉइंटना १९२.१६८.०.२५४, तर डी-लिंकच्या अनेकांना १९२.१६८.०.५० असतो. मॉडेलप्रमाणे फरक पडतो, म्हणून लेबल पाहावे. संगणकाला त्याच ओळीतला मोकळा नंबर हाताने द्या, उदा. १९२.१६८.०.१०, आणि मास्क २५५.२५५.२५५.०. शेवटचा आकडा वेगळा, पुढचे तिन्ही सारखे, हे लक्षात ठेवा. काम झाल्यावर संगणकाचे सेटिंग पुन्हा 'आपोआप' वर करावे.

रिसेट शेवटी

पान उघडले, पण पासवर्डच कोणाला ठाऊक नाही, अशा वेळी रिसेटशिवाय मार्ग नाही. डबा चालू असताना मागच्या बारीक भोकात टाचणी घालून साधारण १० सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत दाबून धरावे. मग लेबलावरचा मूळ नंबर व पासवर्ड चालतो. काही नवीन डब्यांत पहिल्याच वेळी नवा पासवर्ड मागतात.

पण रिसेटने डब्यातले सगळे पुसले जाते. मुख्य राउटर रिसेट केला तर इंटरनेट कंपनीने दिलेले युजर नाव व पासवर्डही जातात आणि सगळ्यांचेच इंटरनेट बंद पडते. म्हणून आपण कोणता डबा दाबतो आहोत हे आधी पाहा. तोडणीच्या दिवसांत, सोसायटीचे काम चालू असताना हा उद्योग करू नये. संस्थेचा डबा असेल तर सचिवांना विचारूनच हात लावावा.

एका पाटावर दोन पाटकरी नकोत

रिसेट केलेला डबा राउटरच्या जातीचा असेल, तर तो पुन्हा स्वतःच नंबर वाटू लागतो. मुख्य राउटरही वाटत असतो. एका पाटावर दोन पाटकऱ्यांनी पाळ्या लावल्या, तर कोणाच्या रानात पाणी जाईल? तसाच गोंधळ येथे होतो. म्हणून डबा मुख्य राउटरला जोडण्याआधी त्यात 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' निवडावा, किंवा त्यातले 'डीएचसीपी' बंद करावे. मग त्याला एक कायमचा नंबर द्यावा. मुख्य राउटर १०० ते १९९ वाटत असेल, तर डब्याला त्याबाहेरचा, उदा. १९२.१६८.१.२ द्यावा. म्हणजे पुढच्या वेळी शोधाशोध नको.

शेवटी, सेटिंगचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड वेगवेगळे ठेवा. पाहुण्यांना द्यायचा तो वायफायचा. सेटिंगचा घरातच राहू द्या. डब्याचा नंबर, पासवर्ड आणि तारीख ऊसबिलाच्या पावत्या ठेवतो त्या वहीत लिहून ठेवा. संस्थेने तो सचिवाच्या कुलपात, दप्तरी ठेवावा. डबा बसवणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून हे सगळे लिहून घ्यावे आणि पान आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगावे. वजनाची पावती पाहिल्याशिवाय आपण काट्यावरून हलत नाही, तोच नियम येथेही लावावा.