लंडन ते नगर : अंतर आणि वेळ

नगर जिल्ह्यातील पुष्कळ घरांतले मुलगे-मुली आज परदेशी असतात. घरात कुणी अत्यवस्थ झाले, म्हणजे पहिला प्रश्न निघतो, "लंडनहून यायला किती वेळ लागेल?" कुणीतरी तत्परतेने सांगतो, "नऊ तास." त्या उत्तरावर विसंबून घरचे वाट पाहत बसतात, आणि हिशोब चुकतो. तो कोठे चुकतो, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

प्रथम अंतर घेऊ. मुंबई ते लंडन हे हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजता येत नाही. कारण नकाशा सपाट आणि पृथ्वी गोल. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो ज्या रेषेत बसेल ती सर्वांत जवळची वाट.

विमानाचा वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर. म्हणजे भागाकाराने आठ तास येतात. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. वाट एकच, मग हा फरक का? दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. गोदावरीत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध होडी हाकण्यासारखेच हे आहे. २०१६ साली एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरांनी लांबली, तरी वारा पाठीशी असल्याने वेळ वाचला!

दुसरी चूक घड्याळाची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात तेथून सकाळी दहाला सुटलेले विमान नऊ तासांनी मुंबईस उतरते, तेव्हा येथे रात्रीचे साडेबारा झालेले असतात.

तिसरी चूक सर्वांत मोठी. विमानतळावर तीन तास आधी जावे लागते. मुंबईस उतरल्यावर तपासणी आणि सामान यांत तास-दीड तास जातो. पुढे नगरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटरची सडक, म्हणजे पाच-सहा तास. तिकीट लगेच मिळाले, तरी दारापासून दारापर्यंत वीस तास धरावेत.

८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला पोचले. आकाशातला तो वेळ आज पुष्कळ घटला आहे. जमिनीवरचा मात्र तितका घटलेला नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : विमान किती तासांचे, हे विचारून थांबू नये, माणूस उंबऱ्यावर केव्हा येईल, ते मोजावे. आणि आजाऱ्याची प्रकृती ढासळू लागली, तर तार तुटेपर्यंत न ताणता मुलांना आधीच कळवावे. वीस तास हाती असतील तरच विमानाच्या वेगाचा उपयोग.