जखमी जनावराचा माग आणि कुत्र्याचं नाक

ऑक्टोबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव-पांढरकवडा भागात अवनी ऊर्फ टी-१ या वाघिणीचा शोध चालला होता. तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. वनखात्यानं हत्ती आणले, कॅमेरे लावले, वाघिणीला भुलवायला चक्क केल्व्हिन क्लाइनचं अत्तर शिंपडलं आणि एका नामवंत गोल्फपटूची दोन केन कोर्सो कुत्रीही आणली. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटी गावाजवळ गोळी लागून वाघीण मेली. गोळी झाडणारा नेमबाज आपल्या हैदराबादचा होता, त्यामुळे नाव आठवत नसलं तरी ही बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या गोळीबद्दलचे वाद कोर्टात आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ झाले. मला बोलायचंय ते त्या दोन कुत्र्यांबद्दल.

केन कोर्सो ही इटलीची जात. अंगानं दांडगी, जबड्यानं मजबूत. राखणीसाठी आणि रानडुकराला धरून ठेवण्यासाठी ती वाढवली गेली. नाक कुठल्याही कुत्र्याचं आपल्यापेक्षा तीक्ष्णच असतं, पण आठ-दहा तासांपूर्वी गेलेल्या एकाच जनावराचा वास धरून, वाटेतले दुसरे सगळे वास सोडून चालत राहणं हे वेगळं काम आहे. त्यासाठी वेगळ्या जाती आहेत आणि वेगळी तालीम आहे. दिसायला जबरदस्त कुत्रं म्हणजे माग काढणारं कुत्रं, असं समजणं म्हणजे पैलवानाला घड्याळ दुरुस्तीला बसवण्यासारखं आहे.

शिकारी कुत्र्यांचे ढोबळमानानं दोन प्रकार. एक नजरेनं पळणारी, दुसरी नाकानं चालणारी. आपल्या मुलखाची ओळख पहिल्या प्रकारची. सोलापूर, लातूर, सांगली, सातारा या पट्ट्यातलं कारवान कुत्रं तुम्ही पाहिलं असेल: लांब पाय, खोल छाती, बारीक कंबर, निमुळतं तोंड. हेच जरा केसाळ असलं की त्याला पश्मी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ही कुत्री आली, म्हणून 'कारवान'. नामपल्लीहून थोडं पुढं गेलं की लागणाऱ्या आपल्या कारवान मोहल्ल्याच्या नावातही तोच तांडा आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांची पैदास जोपासली, एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली आणि 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. २००५ साली त्यावर टपाल तिकीटही निघालं.

ही कुत्री ससा दिसला की सुटतात आणि वाऱ्यासारखी पळतात. ससा झुडपाआड गेला, दिसेनासा झाला, की मात्र त्यांचा जोर ओसरतो. जखमी जनावर तर नेमकं दिसत नसतं. ते दाट झाडीत जाऊन बसतं. म्हणून मुधोळ कितीही गुणी असला तरी हे त्याचं मूळ काम नव्हे. आणखी एक गोष्ट, गावाकडं ही कुत्री पाळणाऱ्या भाऊबंदांना जरूर सांगा: कुत्री सोडून वन्य प्राण्याचा पाठलाग करणं हीसुद्धा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच ठरते, ससा असला तरी.

नाकानं चालणाऱ्यांत पहिलं नाव ब्लडहाउंडचं. लोंबते कान, कपाळावर घड्या, चेहरा कायम दुखवटा पाळत असल्यासारखा. बेल्जियममधल्या सेंट ह्यूबर्टच्या मठात त्याचे पूर्वज वाढवले गेले असं परंपरा सांगते. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख धरतात, तर ब्लडहाउंडच्या नाकात तीस कोटींच्या घरात. परदेशात हरवलेली माणसं शोधायला त्याला नेतात. पण तो अवजड आहे, आणि एप्रिल-मेच्या तेलंगणात त्याचे हाल होतील.

जखमी हरणाचा माग हे खास काम समजून ज्यांनी कुत्री घडवली ते जर्मन. हानोवर भागातलं तांबूस, भारदस्त कुत्रं सपाट रानात उत्तम चालायचं, पण बव्हेरियाच्या डोंगरात ते जड पडू लागलं. मग १८७० च्या सुमारास तिथल्या हलक्या डोंगरी कुत्र्यांशी त्याचा संकर करून 'बव्हेरियन' तयार झालं. वीस-पंचवीस किलोचं, चपळ, मालकाला चिकटून राहणारं. या दोन्ही जातींचा मोठा गुण नाकाइतकाच स्वभावात आहे. ती घाई करत नाहीत. वाटेत ताज्या हरणाचा कळप आडवा गेला तरी मान वर न करता कालचीच वाट धरून राहतात. आपल्याकडे सोसायट्यांतून फिरणारा डॅशहुंड याच कामाचा छोटा कारागीर आहे, हे ऐकून अनेकांना गंमत वाटेल. मुळात बिळातला बिज्जू काढायला वाढवलेला हा बुटका रक्ताच्या मागावर फार चिवट असतो. जमिनीपासून नाक असतंच चार बोटांवर! बीगलचं नाकही उत्तम, पण तो ससे हुसकायला टोळीनं पळणारा. एकट्यानं, मुकाट्यानं, लांब पट्ट्यात चालायला त्याला शिकवणं हे धीराचं काम आहे.

युरोपात याला एवढं महत्त्व का? गोळी नीट न लागलेलं जनावर तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडत राहतं. त्याला शोधून त्याचे हाल थांबवणं ही शिकाऱ्याची जबाबदारी मानतात, आणि जर्मनीत तर कायदाच तालीम झालेल्या कुत्र्याची सोय मागतो.

तालीम कशी होते ते पाहण्यासारखं आहे. बुटाच्या तळाला हरणाचे खूर बांधून माणूस रानातून चालतो, मध्ये मध्ये रक्ताचे थेंब टाकतो. पिल्लासाठी सुरुवातीला वाट शंभरेक पावलांची, सरळ, आणि तासाभरापूर्वीचीच. शेवटी बक्षीस. मग वाट लांबते, वळणं येतात, रक्त कमी होत जातं, वेळ वाढतो. मोठ्या परीक्षेत निदान एक हजार मीटरची वाट असते, तिच्यावर फक्त पाव लिटर रक्त, आणि मध्ये किमान वीस तास उलटलेले. यात रक्त हा निम्माच भाग आहे. खुरांमधल्या ग्रंथींचा वास, चेंगरलेलं गवत, उकरलेली माती, घाबरलेल्या जनावराच्या अंगाचा बदललेला वास, हे सगळं मिळून कुत्र्याला 'तेच ते जनावर' कळतं. कुत्रं पूर्ण वेळ आठ-दहा मीटर लांबीच्या पट्ट्यात असतं. माणसानं ओढायचं नाही, कुत्र्याच्या मागून जायचं. बहुतेक चुका इथं माणसाच्या होतात: त्याला वाटतं जनावर नाल्याकडं गेलं असेल, आणि तो नकळत पट्टा तिकडं खेचतो.

जात नसली तरी तालीम आणि जिव्हाळा किती काम करतो याचं आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे जिम कॉर्बेटचा रॉबिन. पंधरा रुपयांना घेतलेला हा स्पॅनिएल, पण जखमी बिबट्याच्या मागावर कॉर्बेट त्याच्यावर विसंबून राहत असे.

आता शिकार बंद, मग आपल्याला जखमी जनावराशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. तारेचे फास आणि पिकाभोवती सोडलेली वीज आजही जनावरं मारतात आणि जखमी करतात. टिपेश्वर आणि ताडोब्याचे वाघ आदिलाबादकडं, कवलच्या जंगलात येतात-जातात. त्यांची वाट शेतांमधूनच आहे. गळ्यात फास रुतलेलं जनावर लवकर सापडलं तर बेशुद्ध करून फास काढता येतो. उशीर झाला तर जखम चिघळते, आणि लंगडा, दुबळा झालेला वाघ गुरांकडं वळण्याची भीती असते.

म्हणून वनखात्याची श्वानपथकं. ट्रॅफिक आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ यांनी २००८ पासून हा कार्यक्रम चालवला. एका कुत्र्यामागे दोन श्वान हस्तक, आणि सगळ्यांची मिळून सहा ते नऊ महिने तालीम. जाती मुख्यतः जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिन्वा, लॅब्राडोर. ब्लडहाउंड-बव्हेरियन का नाहीत? मला दिसतं ते असं: आपल्याकडच्या कुत्र्याला एकाच नाकानं कातडं, हाडं, फास आणि पळून गेलेला माणूस असं सगळं शोधावं लागतं, तेही उन्हात. काझीरंगात गेंड्यांच्या शिकाऱ्यांचा माग काढणारा झोर्बा मॅलिन्वा होता. बंदीपूरचा राणा जर्मन शेफर्ड. २०१९ मध्ये गुंडलुपेटजवळ दोघांचा जीव घेतलेल्या वाघाच्या शोधात राणा होता, आणि तो वाघ जिवंत पकडला गेला. अवनीच्या बातमीशेजारी ही बातमी ठेवून पाहा. प्रत्येक मोहिमेची परिस्थिती वेगळी, हे मान्यच. पण तालीम झालेलं पथक जवळ असणं आणि ऐनवेळी कुठून तरी कुत्री मागवणं यात फरक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. श्वान तालमीची मोठी सोय तर आपल्या मोईनाबादलाच आहे; तिथून पोलिसांची कुत्री शिकून बाहेर पडतात.

घरी बीगल किंवा डॅशहुंड असेल तर त्याचं नाक रिकामं ठेवू नका. यांच्या पुष्कळशा खोड्या, सोफे कुरतडणं, कचऱ्याची पिशवी फाडणं, या बेकारीतून येतात. सकाळी सहाच्या आत, दव असताना, गवतावरून उकडलेल्या चिकनचा तुकडा दोरीनं ओढत तीस-चाळीस पावलं सरळ न्या आणि टोकाला खाऊ ठेवा. शाकाहारी घरात चीजही चालतं. कुत्र्याला छातीचा पट्टा घाला, गळपट्टा नको. दोरी लांब धरा आणि तोंडानं काही बोलू नका. आठवडाभरानं एक वळण घाला, मग तासभर थांबून सोडा. ऊन चढल्यावर हा खेळ खेळायचा नाही: जमीन तापली की वास लवकर उडतो, आणि धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही.