माउंटन बाइकचा अडकलेला दांडा

जुनी नाणी, जुनी घड्याळे किंवा जुन्या मोटारी गोळा करणारे लोक आपल्या माहितीचे असतात. अमेरिका आणि युरोपात जुन्या माउंटन बाइक गोळा करणारेही पुष्कळ आहेत. माउंटन बाइक म्हणजे रुंद, खाचदार टायरची, डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची सायकल. 'रेंजर'सारख्या सायकलींमुळे हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा झाला. संग्राहकांचा ओढा मुख्यतः १९७०च्या दशकाच्या मध्यापासून १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या सायकलींकडे असतो.

अशी सायकल बहुधा एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात, गंजलेल्या अवस्थेत मिळते. तेव्हा संग्राहकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. तिच्यातले मूळचे भाग कोणते? आणि ते न बिघडवता सुटे कसे करायचे? दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे आठवी ते बारावीच्या विज्ञानात आहेत. म्हणूनच हा विषय शिक्षकांच्या उपयोगाचा आहे.

उतारावर जन्मलेली सायकल

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाची काउंटी आहे. १९७०च्या दशकात तेथील काही तरुण १९३० आणि १९४०च्या दशकांतल्या जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरउतारावरून खाली येत. श्विन कंपनीची 'एक्सेलसियर' ही त्यांची आवडती सायकल होती. ऑक्टोबर १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांनी शर्यत घेतली. सुमारे साडेतीन किलोमीटरच्या त्या वाटेत उंची सुमारे ४०० मीटरने कमी होते. तरबेज स्वार हे अंतर साडेचार-पाच मिनिटांत कापत.

या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे आणि पायडल उलटे दाबले की तो लागे. आता एक गणित करू. स्वार आणि सायकल मिळून वस्तुमान ९५ किलोग्रॅम धरा. ४०० मीटर खाली येताना स्थितिज ऊर्जा ९५ × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे ३७२ किलोज्यूलने कमी होते. हवेच्या आणि रस्त्याच्या रोधात तिचा काही भाग जातो. उरलेली सगळी ऊर्जा त्या मुठीएवढ्या हबमध्ये उष्णता होऊन उतरते. ३७२ किलोज्यूलमध्ये सुमारे १.१ लिटर पाणी २० अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापते. पाच मिनिटांचा हिशोब केला तर सरासरी शक्ती सव्वा किलोवॅटच्या आसपास येते. घरातली इस्त्री साधारण १ किलोवॅटची असते. साहजिकच हबमधले ग्रीस जळून त्याचा धूर होई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत याला 'रीपॅक' म्हणतात. शर्यतीचे आणि त्या वाटेचे नावही तेच पडले.

जुन्या चौकटी हा मार सोसत नसत. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास याच कामासाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची नवी चौकट बनवली. त्याने तयार केलेली पहिली 'ब्रीझर' सायकल आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याने बनवलेल्या चौकटी विकायला सुरुवात केली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची 'स्टम्पजंपर' ही मोठ्या संख्येने बनलेली माउंटन बाइक बाजारात आली. १९८२ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने 'डिओर एक्सटी' हा माउंटन बाइकसाठीचा गिअर-ब्रेकचा संच काढला. सुरुवातीच्या वर्षांतल्या चौकटी मोजक्याच आहेत. त्यांतली एखादी दुरुस्तीत फुकट गेली, तर तिच्या बदल्यात दुसरी मिळत नाही.

भागांवरची दोन अक्षरे

मूळचे भाग ओळखण्याचा एक मार्ग गणिती कोड्यासारखा आहे. शिमानोच्या त्या काळातल्या बऱ्याच भागांवर दोन इंग्रजी अक्षरे उमटवलेली असतात. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. 'ए' म्हणजे १९७६, 'बी' म्हणजे १९७७, याप्रमाणे पुढे. महिन्यांसाठी 'ए' म्हणजे जानेवारी आणि 'एल' म्हणजे डिसेंबर. समजा, एका क्रँकवर 'जी' आणि 'सी' ही अक्षरे आहेत. 'जी' हे सातवे अक्षर, म्हणजे वर्ष १९८२. 'सी' म्हणजे मार्च. अक्षरे २६च असल्याने २००२ मध्ये पुन्हा 'ए' आले. त्यामुळे नुसत्या अक्षरावर विसंबता येत नाही, भागाची घडणही पाहावी लागते.

सगळे भाग एकाच वर्षाचे आणि चौकटीच्या तारखेच्या थोडे आधीचे निघाले, तर ते मूळचे असण्याची शक्यता मोठी. एकच भाग पाच वर्षांनी नवा असेल, तर तो मागाहून बदललेला. म्हणून अनुभवी संग्राहक पाना हातात घेण्यापूर्वी वही घेतो आणि प्रत्येक भागाची नोंद करतो.

दांडा का अडकतो?

आता सर्वांत अवघड काम. सीट ज्यावर बसवलेली असते तो दांडा चौकटीच्या उभ्या नळीत सरकवलेला असतो. जुन्या माउंटन बाइकमध्ये चौकट पोलादाची आणि दांडा बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश असल्याने वजन वाचते. परंतु वीस-तीस वर्षांत हा दांडा कित्येकदा असा घट्ट बसतो की दोन माणसांनी जोर लावूनही हलत नाही.

याचे कारण विद्युतघटात आहे. दोन निरनिराळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोहोंमध्ये मीठ मिसळलेले पाणी असले की घट तयार होतो. घाम आणि पावसाचे पाणी फटीत मुरते. समुद्राकाठी हवेतूनच मीठ येते, हे कोकणातल्या सायकलवाल्यांना सांगायला नको. या घटात ॲल्युमिनियम अधिक क्रियाशील असल्याने ते ॲनोड बनते आणि झिजू लागते. झिजलेल्या धातूचे ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड होते, आणि ते मूळ धातूच्या सुमारे तिप्पट जागा व्यापते. फट मात्र मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढीच. पांढरी भुकटी तिच्यात ठासून भरते आणि पाचर मारल्यासारखा दांडा आवळला जातो. सुरुवातीला दांड्यावर ग्रीसचा पातळ थर दिलेला असता, तर फटीत पाणी शिरले नसते.

वर्गात हा घट सहज करता येतो. मिठाच्या पाण्यात लोखंडी खिळा आणि ॲल्युमिनियमची पट्टी एकमेकांना न लागू देता ठेवा आणि मल्टिमीटर जोडा. व्होल्टचा लहानसा अंश दिसेल. ऋण टोक कोणत्या धातूचे, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

तापवावे की थंड करावे?

बरणीचे धातूचे झाकण अडकले की आपण ते गरम पाण्यात धरतो. तोच उपाय येथे करावासा वाटतो, पण येथे तो उलटा पडतो. बरणीत जास्त प्रसरण पावणारा पदार्थ बाहेर असतो, सायकलमध्ये तो आत आहे. एक अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियमचे प्रसरण दहा लाखांत सुमारे २३ भाग, तर पोलादाचे सुमारे १२ भाग. २७.२ मिलिमीटर व्यासाचा दांडा आणि नळी दोन्ही १०० अंशांनी तापवली, तर दांडा ०.०६३ मि.मी. वाढतो आणि नळी ०.०३३ मि.मी. म्हणजे दांडा ०.०३ मि.मी.ने अधिकच आवळतो. शिवाय रंग जळतो तो वेगळाच.

याउलट दोन्ही १०० अंशांनी थंड केले, तर तितकीच जागा मोकळी होते. म्हणून काही जण पोकळ दांड्यात कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड भरतात. त्याचे तापमान उणे ७८ अंशांच्या आसपास असते. हातमोजे आणि खेळती हवा हवीच. ०.०३ मि.मी. ही जागा केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे, पण भुकटीची पकड तडकवायला ती कधीकधी पुरते. आधी काही दिवस पातळ तेल सोडून ठेवलेले असेल, तर ते केशाकर्षणाने त्या तड्यांत शिरते.

जोर लावताना आट्यांची दिशा माहीत हवी. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते. अमेरिकी आणि जपानी माउंटन बाइकमध्ये क्रँकच्या आसाचा उजवा कपही सहसा उलट्या आट्यांचा असतो. हे ठाऊक नसले, तर आपण सोडवतो आहोत असे समजून तो अधिकच आवळत जातो.

शेवटचा उपाय: कॉस्टिक सोडा

काहीच चालेना, तर दांडा विरघळवून टाकतात. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ॲल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन बाहेर पडतो. पोलादावर या द्रावणाचा फारसा परिणाम होत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा उपाय सुबक आहे, पण धोके तीन. ५४ ग्रॅम ॲल्युमिनियममागे सुमारे ७३ लिटर हायड्रोजन सुटतो आणि तो ज्वालाग्राही आहे. अभिक्रियेची उष्णता इतकी असते की द्रावण उकळून उडते. एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. तिसरे म्हणजे सोडा रंगही उतरवतो. हा प्रयोग शाळेत करू नये. संग्राहकही तो करण्यापूर्वी एकच हिशोब करतो. चौकट महत्त्वाची की दांडा? दोन्ही वाचणार नाहीत.

गंज काढण्याचा प्रयोग

क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नावात क्रोमियम आहे, म्हणून ते गंजणार नाही असा समज होतो. प्रत्यक्षात त्यात क्रोमियम १ टक्क्याच्या आसपासच असते. स्टेनलेस पोलादात ते किमान साडेदहा टक्के लागते. तेव्हा ही चौकट गंजतेच, आणि बहुधा आतून. नळीच्या मधल्या भागाची जाडी कित्येकदा १ मि.मी.हूनही कमी असते. त्यामुळे गंज खरवडून किंवा वाळूचा मारा करून काढताना शाबूत धातूही जातो. आम्लाने गंज विरघळवणे अधिक सौम्य. पण कोणते द्रावण कोणत्या धातूला चालते, ते पुढील प्रयोगातून दिसेल.

दोन ग्लास घ्या. एकात गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत, दुसऱ्यात तेवढाच धुण्याचा सोडा विरघळवा. दोन्हींत एकेक गंजका खिळा आणि ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाचा तुकडा टाका. रात्रभर उघडे ठेवून सकाळी पाहा. लिंबूसताच्या ग्लासात खिळ्यावरचा गंज सुटलेला असेल, ॲल्युमिनियम मात्र जवळजवळ जसेच्या तसे असेल. सोड्याच्या ग्लासात गंज तसाच राहील; ॲल्युमिनियमवर मात्र बुडबुडे येऊन ते काळवंडलेले किंवा झिजलेले दिसेल. लिंबूसतातला खिळा आणखी काही दिवस ठेवला, तर गंजानंतर लोखंडही विरघळू लागते. म्हणून भाग वेळेवर बाहेर काढून, धुऊन, लगेच कोरडा करून त्याला तेल लावतात.

न वापरताही जुने होणारे भाग

'हा भाग कधी वापरलेलाच नाही' असे ऐकले की संग्राहक खूश होतो. पोलादाच्या भागाबाबत ते ठीक आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीच्या कित्येक सायकलींच्या पुढच्या चिमट्यात मात्र धक्के शोषण्यासाठी पॉलियुरेथेनच्या लवचिक गुट्ट्या असत. हवेतल्या बाष्पाने त्यांच्या लांब रेणूंचे बंध हळूहळू तुटतात आणि डबीतल्या नव्या गुट्टीचाही चिकट लगदा होतो. ही क्रिया उलटवता येत नाही.

ॲल्युमिनियमच्या जुन्या हँडलचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला, तरी ते सहसा तुटत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान लहान धक्क्यांनी बारीक भेगा वाढत जातात आणि वरून चकचकीत दिसणारे हँडल एखाद्या उतारावर अचानक तुटते. म्हणून सायकल चालवायची असेल तर मूळ हँडल काढून जपून ठेवावे आणि नवे बसवावे. पाहणाऱ्याला ते खटकेल, पण स्वाराचे दात आणि मान महत्त्वाची.

किती नवे करायचे?

चौकट सुटी झाली, गंज गेला. मग नवा रंग द्यावा का? पुष्कळांना नवी कोरी दिसणारी सायकल आवडते. पण जुन्या रंगाखाली आणि ओरखड्यांत बरीच माहिती असते. कोणते ब्रेक आधी होते, दिव्याची पट्टी कोठे होती, चौकट कोठे डागली आहे, नळ्या कोणी आणि कशा जोडल्या, हे त्यावरून कळते. वाळूच्या एका माऱ्यात ते सगळे नाहीसे होते. वस्तुसंग्रहालयांतले जतनतज्ज्ञ म्हणूनच शक्य तितके कमी करतात, आणि करतील ते पुढे कोणाला उलटवता येईल असे करतात. मेण लावले तर ते पुसता येते, तेल धुता येते, पण घासून काढलेला रंग परत येत नाही.

हे शिकवायला माउंटन बाइकच हवी असे नाही. पुण्यातल्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात वेगवेगळ्या काळांतल्या सायकली पाहायला मिळतात. तेही शक्य नसेल, तर गावातल्या सायकल दुकानातून एक निकामी सायकल आणा. विद्यार्थ्यांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एकेक भाग द्या. हा भाग कशाचा, यावर कोणती अभिक्रिया झाली, आणि याला काय लावले तर तो वाचेल? उत्तर लिहून झाल्यावरच त्यांच्या हाती पाना द्या.