बोट एका ओळीवर, तोंड दुसरीवर

दोन वर्षांपूर्वी, आषाढ लागता लागता, दांडिया बाजारातील एका जुन्या घरातील बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा नऊ वर्षांचा. "गुरुजी, शाळेत ह्याला वाचन येत नाही. सासूबाई म्हणतात, रोज मनाचे श्लोक म्हणवून घ्या, समर्थांच्या कृपेने बुद्धी उघडेल. तुम्ही चालीवर बसवून द्या."

मी आनंदाने होकार दिला. भुजंगप्रयात वृत्त म्हणजे लहान मुलांसाठी जणू तयार ठेकाच. चरणात बारा अक्षरे, एक लघु आणि दोन गुरु असे चार वेळा. टाळी देत म्हटले की जीभ आपोआप मार्गाला लागते. मुलाचा कान तर विलक्षण! दोनशे पाच श्लोकांपैकी साठ त्याने चार महिन्यांत मुखोद्गत केले. पोथी मांडीवर, बोट ओळीवर, आवाज स्वच्छ. घरी सर्वांना वाटले, नवस फळला. मलाही वाटले. शाळेत मात्र गुण होते तिथेच होते, आणि आम्ही सगळे त्यास आळशी म्हणू लागलो.

एके दिवशी सहज मी पोथीचे पान उलटले. मुलगा थांबला नाही. मागच्याच पानावरचा श्लोक तो तितक्याच खणखणीतपणे म्हणत राहिला. बोट मात्र नव्या पानावर फिरत होते. मग मी स्वरलेखन काढून पाहिले. भातखंड्यांच्या पद्धतीत मंद्राचे टिंब खाली, तारसप्तकाचे वर, कोमल स्वराखाली आडवी रेघ. ही चिन्हे त्याला ठरतच नव्हती. त्याआधी ह्याच कारणासाठी मी त्याच्या हातावर एकदा छडी मारली होती, हे येथे लिहून ठेवतो.

बुद्धी उत्तम असूनही वाचन न जमणारी मुले असतात. इंग्लंडात प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टराने १८९६ साली अशा एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली होती. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ह्या अडचणीची नोंद झाली. आपली लिपी तरी कुठे सोपी आहे? 'कि' मधील वेलांटी उच्चारात मागून येते आणि कागदावर पुढे बसते. 'धर्म' मधील र् बोलताना म च्या आधी आणि लिहिताना त्याच्या डोक्यावर. त्यात बडोद्याच्या मुलाला शाळेत गुजराती, ज्या लिपीला शिरोरेषाच नाही, आणि हिंदी नि इंग्रजीही! मराठी घरी कानानेच येते.

मग बाईंना मी सांगितले की, ह्याला तपासून घेऊ. त्या रडल्या. "गुरुजी, म्हणजे देवाचे म्हणणे खोटे?" मला उत्तर सुचेना. आमच्या घरीही गाणे कानानेच उतरत आले. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाताखाली इथे गायनशाळा काढली, मौलाबक्षांनी स्वर लिहिण्याची रीत बसवून पुस्तके केली, तेव्हाही जुन्या गवयांनी नाके मुरडली असतीलच.

निदान झाले. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोन दिवस येतात. त्यांनी श्लोक सोडायला लावले नाहीत, हे विशेष. त्या म्हणाल्या, पाठ आहे तेच घ्या, पण पाठांतराला फसवा. आता प्रत्येक अक्षराची वेगळी चिठ्ठी असते. टाळी, अक्षर, चिठ्ठी. टाळी, अक्षर, चिठ्ठी. लयीची जाण आणि शब्दातील ध्वनी वेगळे ऐकण्याची जाण ह्यांचा संबंध आहे, असे केंब्रिजच्या उषा गोस्वामींसारख्या अभ्यासकांचे सांगणे आहे. नुसत्या टाळीने वाचन येते असे मात्र कोणी मानू नये. एक वर्ष आम्ही तसे मानले आणि ते त्या मुलाचे वर्ष गेले.

घरात मारुतीपुढे शनिवारचे श्लोक अजून होतात. मी त्यांना मोडता घातला नाही. ते म्हणताना मुलाचा चेहरा फुलतो. शाळेत दिवसभर जो कमी ठरतो, तो तिथे घरातल्या सर्वांच्या पुढे असतो.

गेल्या गुरुवारी शिक्षिकेने त्याच्या एका ओळीतील एक शब्द बदलून चिठ्ठ्या मांडल्या. त्याने सुरुवात केली, टाळी दिली आणि मध्येच थांबला. चिठ्ठीवर बोट ठेवून पुष्कळ वेळ पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "गुरुजी, हे चुकीचं लिहिलंय."