कच्चं मडकं फुटकं नसतं

आजचं चिंतन आपल्या घरातल्या अठरा ते पंचवीस वर्षांच्या लेकरांसाठी आहे. भरतीत नाव लागलं नाही, परीक्षेत गेलं, की लेकरू दार लावून बसतं. दोन शब्द सांगायला जावं तर फणकारतं. त्याला सांगण्यासाठी दृष्टान्त लांबून आणायची गरज नाही. तो आपल्या कयाधूकाठचाच आहे: नरसीचे नामदेवराय.

नामदेवरायांचा जन्म १२७० चा. देव त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला, अशी लहानपणापासून कीर्ती. पुढे तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला. तिथं मुक्ताईंनी थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, "काका, हे कशाला?" काका म्हणाले, "मडकं कच्चं का पक्कं, ते यानं कळतं." "मग आमचीही मडकी बघा की!" काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे शांत बसले. नामदेवराय तेवढे रागावले. काका म्हणाले, हे मडकं कच्चं राहिलं बरं का.

इथं ध्यान द्या. काकांनी भजन किती येतं, हे विचारलं नाही. ठोका बसल्यावर आतून काय बाहेर येतं, ते पाहिलं. स्वतःची ओळख अशीच पटते. पोरांनो, रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढंच विचारा: आज मला राग कशाचा आला? कोणाचं बोलणं लागलं? ते खरं होतं म्हणून तर लागलं नाही ना? रोज विचारलं तर महिनाभरात आपली खोड आपल्यालाच दिसायला लागते.

आणि आईबापांनो, कुंभार फुटकं मडकं टाकून देतो, कच्चं मात्र जपून ठेवतो. आधी सावलीत वाळवतो. ओलं मडकं एकदम जाळात घातलं तर तडकतं. लेकरू नापास होऊन घरी आलं, त्याच रात्री शेजाऱ्याच्या पोराचं नाव काढू नका. त्याला जेवू घाला, झोपू द्या. सांगायचं ते दोन दिवसांनी सांगा.

नामदेवराय काय करते झाले? पंढरीला गेले, पांडुरंगापाशी रडले. देवानं त्यांना औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेवराय म्हणाले, पाय काढा. विसोबा म्हणाले, "मी म्हातारा, तूच उचल आणि देव नसेल तिथं ठेव." पाय ठेवावे तिथं पिंड उभी राहू लागली. ज्यांना डोक्यावरचा ठोका सोसला नाही, त्यांनी आपल्या हातांनी दुसऱ्याचे पाय उचलले. आपल्याला उणं काय आहे ते कळल्यावर जाणत्याकडे चालत जाणं, यात कमीपणा कसला?

पण गुरू भेटला म्हणजे दुःख टळलं असं नाही. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली. ज्यांच्यासोबत तीर्थं केली तो सखा गेला. नामदेवरायांचं वय सव्वीस. ते मोकळेपणानं रडले, तो शोक त्यांच्या अभंगांत आहे. मग उठले आणि नाम घेत पंजाबापर्यंत गेले. घुमानला आजही त्यांचं स्थान आहे, गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. १३३८ मध्ये मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी जाऊन त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या. १३५० पर्यंत चालत राहिले. कच्च्या मडक्यानं केवढं पाणी धरलं बघा!

हा पक्केपणा येतो नेमानं. आपली वसमतची हळद घ्या. काढली, शिजवली, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवली, मग पॉलिश केली, तेव्हा रंग येतो. क्विंटलभर ओल्या हळदीची वाळून वीसेक किलोच उरते, पण किंमत तिलाच. एका दिवसाच्या उन्हानं हळद वाळत नाही आणि एका दिवसाच्या जोरावर सवय लागत नाही. म्हणून नेम लहान धरा, पण मोडू नका. काकड्याच्या वेळी उठा. रोज कोसभर चाला, वारकऱ्याचं अंग चालण्यानंच घट्ट असतं. गळ्यात माळ घातली असेल तर दारू, गुटख्याला हात लावू नका. संध्याकाळी मोबाईल फळीवर ठेवून चारचौघांत हरिपाठाला बसा. नेम एक दिवस चुकला तर रडत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा.

शेवटचं एक, आणि हे विसरू नका. जगूच नये असं मनात आलं तर ते एकट्यानं सोसू नका. आईला सांगा, मित्राला सांगा, डॉक्टरकडे जा. रात्री-बेरात्री १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फोन केला तरी माणूस बोलतो. नामदेवरायांसारख्यांनाही पंढरीला जाऊन रडावं लागलं, मग आपल्याला लाज कसली? नरसीला आलात तर लेकराला सोबत आणा आणि पायरीवर बसून ही गोष्ट त्याला सांगा.

रामकृष्ण हरी.