खांदेरीला जायचे तर तिथी पाहून

पैनगंगेच्या खोऱ्यात वाढलेल्या माणसाला पाणी एकाच दिशेने वाहते एवढेच ठाऊक असते. आमच्या महागाव तालुक्यात हिवऱ्याला पूस नदी पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतो, उन्हाळ्यात ती आटते. पण सकाळी असलेले पाणी दुपारी निघून जावे आणि संध्याकाळी पुन्हा यावे, हा प्रकार आम्हा नदीकाठच्यांच्या अनुभवाबाहेरचा. त्यामुळे सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून माघातल्या एका पंचमीला सकाळी नऊ वाजता अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा ठरवलेली होडी चिखलात बसलेली पाहून आम्ही पाचही जण गोंधळून गेलो. समोर समुद्रात खांदेरीचे बेट स्वच्छ दिसत होते. होडीचा मालक जाळे विणत निवांत बसला होता.

''दादा, आज पंचमी ना? मग पावणेचारची भरती. एक वाजता या, पाणी आलं की निघू,'' एवढेच तो म्हणाला.

हे गणित समजून घेण्यासारखे आहे, कारण ते कोणत्याही घरातल्या दिनदर्शिकेवरून करता येते. शुद्ध किंवा वद्य पक्षातील जी तिथी असेल तिची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. तेथून सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच मागे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते आणि पाणी सर्वांत जास्त चढते व सर्वांत जास्त उतरते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास हा चढउतार मंदावतो, त्याला कोकणात भांग म्हणतात. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतील फरक चार मीटरच्याही पुढे जातो. दोन पुरुष उंचीचे पाणी दिवसातून दोनदा येते आणि दोनदा जाते, असे म्हटले की आमच्यासारख्यांना त्याची कल्पना येईल.

किनाऱ्यावर चार तास घालवायचे होते. त्या वेळात लक्षात आले की साडेतीनशे वर्षांपूर्वी याच पाण्यात झालेले युद्धही बऱ्याच अंशी याच हिशेबावर लढले गेले होते.

खांदेरी हे मुंबईच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले बेट आहे. त्याच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये उंदेरी हे धाकटे बेट. इंग्रजांना ही नावे उच्चारता येईनात, म्हणून त्यांच्या कागदांत ही जोडी 'हेन्री-केनेरी' झाली. जंजिऱ्याचा सिद्दी आपले आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आश्रयाला ठेवी आणि तेथून मराठी मुलखावर छापे घाली. इंग्रज त्याला उघडपणे नाही म्हणत नसत. या दोघांवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवायची तर खांदेरीइतकी जागा दुसरी नव्हती. शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये तेथे बांधकामाचा प्रयत्न केला, तो सिद्दी आणि इंग्रजांच्या विरोधामुळे थांबला. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरला आणि तट उभारू लागला.

मुंबईकर इंग्रजांनी बेट आपले असल्याचा दावा केला आणि लहान तारवे पाठवून वेढा घातला. सप्टेंबरमध्ये बेटावर उतरण्याचा प्रयत्न करताना त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. मग 'रिव्हेंज' ही मोठी फ्रिगेट धरून आठ तारवांचा काफिला आला. कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन हे त्याचे प्रमुख. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी पहाटे दौलतखानाच्या हाताखालचे मराठी आरमार नागावच्या बाजूने वल्ही मारीत अचानक चालून आले. इंग्रजांची 'डोव्हर' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची गलबते पांगली, एकटी 'रिव्हेंज' तोफा डागीत उभी राहिली. तिने मराठ्यांच्या काही होड्या बुडवल्या आणि उरलेल्यांचा नागावपर्यंत पाठलाग केला. तेथे मात्र तिला थांबावे लागले. मराठी होड्या उथळ पाण्यात शिरल्या आणि एवढ्या खोल बुडाच्या जहाजाला तेथे जाणे शक्य नव्हते.

त्या दिवशी कोण जिंकले, यावर आजही वाद घालता येईल. इंग्रजी इतिहासकारांनी 'रिव्हेंज'चे शौर्य रंगवले, आपल्याकडे 'डोव्हर'चा पाडाव सांगितला जातो. मला स्वतःला निर्णायक वाटतात त्या लढाईच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्री. वेढा चालू असतानाही किनाऱ्यावरून धान्य, चुना, दगड, माणसे घेऊन लहान होड्या अंधारात बेटावर पोहोचत राहिल्या. त्या वल्ह्यांनी चालत, वाऱ्याची वाट पाहत नसत, हातभर पाण्यातून निसटत. शिडांच्या मोठ्या जहाजांना त्या अडवता आल्या नाहीत आणि तट वाढत गेला. नोव्हेंबरअखेर सिद्दी कासीमही आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या बाजूने आला, तरी बेट पडले नाही. कंपनीच्या सुरतेतील वरिष्ठांना हा खर्च आणि व्यापाराचे नुकसान परवडेना. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी समेट करून जहाजे परत नेली. त्याच महिन्यात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडले. संभाजी महाराजांच्या काळात उंदेरी घेण्याचा प्रयत्न झाला, त्याला यश आले नाही. एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यातील दोन बेटे अशी वैऱ्यांच्या हाती राहिली. पुढे १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने कान्होजी आंग्रे यांच्या ताब्यातील खांदेरीवर हल्ला केला, तोही फसला. ती ब्रिटिशांकडे गेली १८१८ मध्ये, पेशवाईबरोबरच.

एक वाजता चिखलावर पाणी पसरू लागले आणि होडी आपोआप हलली. उंदेरी डाव्या-उजव्या हाताला घेत, खडक टाळत खांदेरीला पोहोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला. बेटावर दोन टेकड्या आहेत आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागात किनारा आत वळलेला आहे. होड्या लागतात त्या या निवाऱ्याच्या जागी. तटाच्या पायथ्याशी सर्वत्र मोठे दगड पसरलेले असून त्यांना कालवे चिकटलेली आहेत. त्यांच्या कवचांच्या धारेवर एकदा हात घासला, की इथे रात्री चोरून उतरणाऱ्याची काय गत होत असेल ते निराळे सांगावे लागत नाही.

आत कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे मंदिर आहे. दुसऱ्या दगडाने ठोकला असता धातूच्या भांड्यासारखा आवाज देणारा एक खडकही आहे, आणि प्रत्येक पाहुणा तो वाजवतोच. १८६७ मध्ये बांधलेल्या दीपगृहाला आता कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. पण खरे पाहण्यासारखे आहे ते तटावर: चाके असलेल्या लोखंडी गाड्यांवर अजून बसलेल्या तोफा. बहुतेक किल्ल्यांवर तोफा मातीत लोळताना दिसतात. गाड्यासह उरलेली तोफ क्वचितच आढळते. खारा वारा मात्र त्यांचे लोखंड पापुद्र्यांनी सोडवत आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात खांदेरी आहे. आता येथे येणाऱ्यांची संख्या वाढेल, धक्के आणि वेगवान बोटींच्या मागण्याही होतील. त्याआधी या गाड्यांवर गंजरोधक लेप चढला तर बरे. थळच्या मच्छीमारांच्या होड्यांना या प्रवासातील पहिला हक्क मिळावा, असेही वाटते. मायनाकाची रसद पोहोचवणारे हात याच किनाऱ्यावरचे होते.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते मे हाच काळ धरावा. पावसाळ्यात समुद्र होड्यांना बंद असतो आणि गेटवेहून मांडव्याला येणारी प्रवासी वाहतूकही थांबते. थळला नियमित फेरी गृहीत धरू नये. बेटावर जाण्याच्या परवानगीची चौकशी आणि होडीची बोलणी आदल्या दिवशीच करावीत. मुक्कामाचा बेत आखू नये आणि पिण्याचे पाणी सोबत न्यावे.

आम्ही दक्षिणेकडचा भाग पाहून उत्तरेच्या टेकडीकडे निघालो, तेव्हा पाच वाजत आले होते. धक्क्यावरून नाखव्याची हाक आली. भरती उलटून सव्वा तास झाला होता आणि परत थळच्या चिखलात रुतायचे नव्हते. उत्तरेकडचा तट पाहायचा राहिला.